टाइप्स, होट-यूएफ की स्कूल? एकाच ट्रिपचे पैसे असतील तर

टाइप थिअरी, म्हणजे कॉम्प्युटरकडून गणिताची प्रूफं तपासून घेण्यामागचं लॉजिक, शिकतोयस आणि परदेशात एकदाच जाता येणार, तर कुठे जायचं हा तुझा प्रश्न. टाइप्स ही यातली मोठी कॉन्फरन्स, होट-यूएफ (होमोटॉपी टाइप थिअरी आणि युनिव्हॅलंट फाउंडेशन्स) ही छोटी वर्कशॉप. आधीच सांगून टाकतो, अजून एकही प्रूफ स्वतः टाइप करून मशीनकडून पास करून घेतलं नसेल तर टाइप्सला जाऊ नको नि होट-यूएफला पण नको, आधी युनिव्हॅलंट मॅथेमॅटिक्सची स्कूल, म्हणजे शिकवणी शिबिर, बघ. बर्मिंगहॅमला २०१७ आणि २०१९ मध्ये झाली, मग २०२२ ला इटलीत कोर्तोनाला. लेक्चर झालं की लॅपटॉप उघडून कॉक नावाच्या प्रूफ असिस्टंटमध्ये, म्हणजे प्रूफ तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये (आता रॉक म्हणायचं, नाव बदललंय) स्वतः गणितं सोडवायची, अडलं की विचारायचं. लायब्ररी युनिमॅथ, म्हणजे गणितज्ञ व्होएवोदस्कीने २०१० च्या सुमारास लिहायला घेतलेल्या कोडमधूनच वाढलेली.

स्वतः हाताने करायला का सांगतोय ते बघ. आग्डा या दुसऱ्या प्रूफ असिस्टंटमध्ये ० + न = न हे एका शब्दात होतं, रेफ्ल (म्हणजे 'दोन्ही बाजू व्याख्येनेच एक') लिहा, विषय संपला. पण न + ० = न ला इंडक्शन लागतं, कारण बेरजेची व्याख्याच पहिल्या आकड्यावर केलीय. आणि लीन या तिसऱ्या प्रूफ असिस्टंटमध्ये बरोब्बर उलटं, तिथे व्याख्या दुसऱ्या आकड्यावर, त्यामुळे न + ० फुकटात मिळतं आणि ० + न साठी घाम गाळावा लागतो. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझंच काहीतरी चुकतंय असं वाटून अख्खी दुपार घालवली होती. व्याख्येनेच सारखं असणं वेगळं आणि सिद्ध करून सारखं ठरणं वेगळं, हे एकदा बोटांना कळलं की वर्कशॉपमधली निम्मी भांडणं आपोआप समजायला लागतात, नाहीतर नुसता स्लाइड्सचे फोटो काढत बसशील.

आता हे सगळं आधीच करून झालं असेल तर खरा प्रश्न टाइप्स की होट-यूएफ.

टाइप्स जुनी आणि ऐसपैस. २०२४ ला कोपनहेगनला तिसावी झाली, २०२५ ला ग्लासगोला एकतिसावी. प्रोग्रॅमिंगवाले, लॉजिकवाले, प्रूफ असिस्टंट बनवणारे, सगळे एकाच मांडवात. साधारण दोन पानांचा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवायचा, अर्धवट चालू असलेलं कामही चालतं, आणि नंतर निघणाऱ्या अंकात तिथे न बोललेला माणूसही पेपर पाठवू शकतो. स्टुडंटसाठी याहून सोपं दार मला तरी माहीत नाही.

होट-यूएफ छोटी, साधारण दोन दिवसांची, पण 'गणिताचा पाया' म्हणून तुला जे खाज सुटल्यासारखं छळतंय ना, ते नेमकं इथे. मुद्दा एकच, समानता म्हणजे काय. सेट थिअरीत दोन गोष्टी सारख्या आहेत की नाहीत एवढाच प्रश्न असतो. इथे 'कशा सारख्या आहेत' हेही मोजतात. बूलियन टाइप घे, खरं आणि खोटं. त्याची स्वतःशी जुळणी दोन प्रकारे होते, एक जसंच्या तसं, दुसरी अदलाबदल करून. युनिव्हॅलन्स, म्हणजे होट-यूएफचं मुख्य गृहीतक, म्हणतं की प्रत्येक जुळणी ही एक समानता, म्हणजे बूल = बूल ची चक्क दोन वेगळी प्रूफं! क्युबिकल आग्डात (आग्डाचं यासाठीचं खास रूप) तर अदलाबदलवाल्या समानतेवरून 'खरं' पलीकडे पाठवलं की कॉम्प्युटर 'खोटं' काढून देतो, नुसतं गृहीतक नाही, चालून दाखवतं.

म्हणूनच फक्त लीन येतं म्हणून होट-यूएफला निघालेल्यांना मी थांबवतो. लीनमध्ये समानतेची कुठलीही दोन प्रूफं एकच मानतात, तिथे युनिव्हॅलन्स घातलं तर सरळ विसंगती येते. लीन वाईट आहे असं अजिबात नाही, गणितज्ञ शोल्झने २०२० मध्ये दिलेलं, त्याचं एक अवघड प्रूफ मशीनकडून तपासून घ्यायचं आव्हान २०२२ मध्ये लीनमध्येच पूर्ण झालं. पण ते गाव वेगळं, तुला फक्त चालू गणित फॉर्मलाइझ करायचं, म्हणजे मशीनला तपासता येईल असं लिहायचं असेल तर या तिन्हीवर पैसे घालूच नकोस, नॅचरल नंबर गेम (लीन शिकवणारा ऑनलाइन खेळ) खेळ नि मॅथलिबमध्ये (लीनची गणिताची लायब्ररी) छोटी छोटी भर घालत जा, तेही घरबसल्या.

खर्चाचं म्हणशील तर होट-यूएफ २०२३ ला व्हिएन्ना, २०२४ ला ल्यूवन, २०२५ ला जेनोआ, म्हणजे शेंगेन व्हिसा. ग्लासगोसारखं ठिकाण आलं की यूकेचा व्हिसा वेगळा, फी वेगळी. आणि तारखा कळल्या की त्याच दिवशी अर्जाच्या मागे लाग, माझा पासपोर्ट एकदा फ्लाइटच्या आदल्या संध्याकाळी हातात आलाय, ते दोन आठवडे मी काय गणित केलं असेल ते विचारू नकोस.

माझं मत विचारशील तर पहिली ट्रिप टाइप्सची. होट-यूएफ माझ्या जास्त जवळची आहे, तरी. एकट्याने गेलास तर होट-यूएफला सगळे एकमेकांना ओळखत असतात, दोन दिवसांत ओळख होईपर्यंत निघायची वेळ येते. टाइप्सला निदान चार दिवस जेवणाच्या रांगेत तरी कुणीतरी भेटतं. फक्त अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये मशीनने पास केलेलं एक तरी प्रूफ टाक, पाच ओळींचं असलं तरी चालेल.