डॉट ४ ब्रेक ऑइल: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

गाडी पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. वापर कोकणातला, म्हणजे खारी हवा, चार महिने धो धो पाऊस आणि वर महाबळेश्वरला जायचं तर आंबेनळी घाट. या गाडीत साधं डॉट ४ ब्रेक ऑइल (डॉटचा आकडा म्हणजे ऑइलची प्रत) चारही चाकांतून पूर्ण बदलून घातलं. त्यावर पावसाळा गेला, उन्हाळाही गेला. पेडल आजही पहिल्या दिवशी जेवढं आत जायचं तेवढंच जातं आणि घाट उतरून पोलादपूरला पोचल्यावरही त्यात फरक पडत नाही.

पण नवीन ऑइलने ब्रेक जोरात लागतील अशी अपेक्षा असेल तर तसं होत नाही. ऑइल बदलल्यावर पेडल कडक झालं असेल तर लाइनमध्ये हवा होती आणि ती निघाली, एवढाच त्याचा अर्थ. गावातल्या गावात चालवताना जुनं आणि नवं ऑइल ओळखता येत नाही. फरक पडतो तो ऑइल तापल्यावर.

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ग्लायकोल जातीची, हवेतला ओलावा शोषणारी. रबरी होजमधून (ब्रेकच्या नळीतून), बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून पाणी हळूहळू आत येतच राहतं. मानकाप्रमाणे कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान मर्यादा १५५° वर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५° आणि १४०°, डॉट ५.१ साठी २६०° आणि १८०°. लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी आणली तर कॅलिपरमधलं (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातलं) ऑइल दीडशेच्या आसपास जाऊ शकतं. तिथे पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली बसतं.

इथे दोन वेगळे बिघाड लोक एकात घालतात. पेडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड तापलेत; ऑइलचा संबंध नाही. पेडल मऊ होऊन आत जातंय, दोन-तीनदा भराभर मारल्यावर थोडं वर येतंय आणि गाडी तासभर उभी केल्यावर पुन्हा ठीक वाटतंय, तर ऑइल उकळलंय. दुसऱ्या प्रकारात गाडी थंड झाल्यावर गॅरेजमध्ये दाखवली की ‘काही प्रॉब्लेम नाही’ असंच उत्तर मिळतं, कारण त्या वेळी खरंच काही दिसत नाही. दोन्हींवर पहिला उपाय एकच: दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक थोडा वेळ ठाम दाबा आणि सोडा.

निवड करताना टाकीच्या झाकणावर काय छापलंय ते आधी वाचावं. तिथे डॉट ३ असेल तर डॉट ४ चालतं. डॉट ४ असेल तर खाली उतरू नये. डॉट ५.१ महाग पडतं आणि घरच्या गाडीला त्याचा उपयोग मर्यादित आहे. ते घेतलं म्हणून ऑइल बदलायची दोन वर्षांची मुदत चार वर्षं होत नाही. डॉट ५ मात्र पूर्ण वेगळं, सिलिकॉनचं. ते ग्लायकोलमध्ये मिसळत नाही, एबीएसच्या गाडीत घालू नये. आकडे जवळजवळ सारखे दिसतात म्हणून दुकानात हीच चूक होते. ब्रँडपेक्षा सील आणि उत्पादनाची तारीख बघा. झाकणाखालचा फॉइल फाटलेला असेल तर बाटली परत करा, अर्धी उरलेली बाटली तर फुकट दिली तरी घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून नवं भरलं म्हणजे ऑइल बदललं, असं नाही. ब्रेक ऑइल लाइनमधून फिरत नाही. पेडल दाबल्यावर जेमतेम काही मिलिलिटर पुढे सरकतं आणि सोडल्यावर मागे येतं. उकळणारं ऑइल कॅलिपरमध्ये असतं, टाकीत नव्हे. टाकी मधासारखी पिवळी आणि मागच्या व्हील सिलिंडरमधून (ड्रमच्या आत ब्रेक दाबणाऱ्या भागातून) काळपट चहा, हे दृश्य बऱ्याच गाड्यांत दिसतं, आणि मालकाने पैसे पूर्ण बदलण्याचे दिलेले असतात.

पूर्ण कामासाठी अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या. पाना बहुतेक गाड्यांना आठचा किंवा दहाचा लागतो; सहा कोनांचा रिंग पाना वापरा, फिक्स पान्याने निपलचे (चाकाजवळ ऑइल काढायच्या पोकळ स्क्रूचे) कोपरे झिजतात. निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली, मोठी सिरिंज, हातमोजे, जॅकबरोबर स्टँड आणि बादलीभर पाणी जवळ असू द्या. ऑइल रंगावर पडलं तर लगेच पाण्याने धुवा. पुसत बसलात तर रंग फुगून निघतो.

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, खाली राहणाऱ्या चाकांना ओट, म्हणजे सरकू नये म्हणून अडसर. टाकीतलं जुनं ऑइल ओढून घ्या, पण तळाची भोकं उघडी पडेपर्यंत नाही. नवं भरा आणि मग चाकांकडे वळा. क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. मॅन्युअल नसेल तर सर्वसाधारणपणे लांबचं चाक आधी: आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. नळीचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा. आत बसलेला माणूस ‘दाबलं’ म्हणाला की निपल पाव फेरा सोडायचा, पेडल खाली गेलं की निपल बंद करायचा आणि मगच ‘सोड’ म्हणायचं. हा क्रम चुकला तर हवा आत ओढली जाते. मागच्या प्रत्येक चाकातून साधारण दीडशे, पुढच्यातून शंभर मिलिलिटर काढलं की रंग साफ होतो. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी बघा.

जुन्या गाडीत पेडल फरशीपर्यंत नेऊ नका. मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरचा) पुढचा भाग रोजच्या वापरात लागत नाही, तिथे गंज आणि गाळ असतो. आतली किट (रबरी सील) त्यावरून घासली की कापली जाते आणि काम चांगलं होऊनही आठवड्यात पेडल हळूहळू बसायला लागतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळतं.

समुद्राकाठच्या गाडीत मागच्या ड्रमचे निपल हीच खरी डोकेदुखी. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी वायर ब्रशने साफ करून आधी किंचित घट्ट आणि मग सैल करा. जोर लावून मोडला तर बहुधा व्हील सिलिंडरच बदलावा लागतो, म्हणून तो दुकानात मिळतो का हे आधी विचारून ठेवलेलं बरं. बंद करताना मनगटाचा जोर पुरतो.

एबीएसच्या गाडीत नेहमीच्या बदलाला सहसा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागत नाही. मॉड्युलेटरच्या (एबीएसच्या पंप-व्हॉल्व्हच्या डब्याच्या) आत थोडं जुनं ऑइल राहतं, ते चालतं. पण टाकी रिकामी होऊन हवा आत गेली तर बहुधा स्कॅनरने पंप चालवूनच ती निघते. क्लच हायड्रॉलिक असेल आणि याच टाकीवर असेल तर त्याच्याही निपलमधून काढा. हे गॅरेजवाले हमखास विसरतात. इंजिन ऑइलचं नरसाळं या कामाला कधीही वापरू नये. खनिज तेलाचा थोडासा अंशही ब्रेकचं रबर फुगवतो आणि मग मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत सगळं बदलावं लागतं.

वापरात दिसलेलं: पावसाळ्यानंतर रंग किंचित गडद झाला. हे मनावर घेऊ नये, रंगावरून पाणी कळत नाही. दिवे लागणारा पेन टेस्टर वीज किती वाहते ते मोजतो, आणि प्रत्येक कंपनीच्या ऑइलमधली रसायनं वेगळी असल्याने तो फसवतो. ऑइल उकळवून तपासणारं यंत्र असेल तरच आकड्यावर विश्वास ठेवा. पातळी थोडी खाली आली, तीही पॅड झिजल्यामुळे. अशा वेळी वरून भर घालू नका. नवे पॅड बसवताना कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल टाकीतून उतू जातं. पातळी झपाट्याने उतरली तर मात्र मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते आधी बघा. तिथे कोरडं असेल तर मास्टर सिलिंडरच्या मागे, बूस्टरच्या (पेडलचा जोर वाढवणाऱ्या गोल डब्याच्या) जोडावर बोट फिरवा.

कोकणात आणि घाटात चालणाऱ्या गाडीला दोन वर्षांची मुदत ताणू नये. मी पुढचा बदल त्याआधीच, पावसाळा संपल्यावर करणार आहे, आणि डॉट ४ च घालणार आहे.