स्क्रुटिनीची नोटीस, खोटा सीए आणि माझे 1,85,500 रुपये

माझं बार्शीत मोटार रिवाइंडिंगचं आणि पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. जून 2024 मध्ये मला आयकर खात्याची कलम 143(2) ची, म्हणजे विवरणपत्राच्या तपासणीची (स्क्रुटिनीची) नोटीस आली, आकारणी वर्ष 2023-24 ची. बचत खात्यात 18,40,000 रुपये रोख भरले होते, ते कुठून आले असा प्रश्न होता. पैसा दुकानाच्या विक्रीचा, विवरणपत्रात दाखवलेल्या 41 लाखांच्या उलाढालीतलाच. लपवलेलं काहीही नव्हतं.

आमचे जुने सीए वारले होते. पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं या माणसाचं नाव सांगितलं. पाटीवर 'सीए', लेटरहेडवर 'सीए', टेबलावर शिक्के. शंका कशाची घ्यायची? फी 25,000 ठरली. मग म्हणाला, "खात्याला ऑडिट रिपोर्ट लागतो." त्याचे 22,000. स्क्रुटिनी खातं करतं. टॅक्स ऑडिट सीएनं करायचं असतं आणि ते साधारणपणे 1 कोटीच्या वरच्या उलाढालीला लागतं. मी कलम 44एडी खाली (छोट्या धंद्यांसाठी, उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा धरून) विवरणपत्र भरणारा, मला ते लागतच नव्हतं. हे मला आता माहीत आहे. तेव्हा घरात नोटीस आलेली, बायको रडतेय, अशा वेळी माणूस कलमं वाचत बसत नाही.

त्या रिपोर्टवर यूडीआयएन नव्हता. सीएनं सही केलेल्या प्रत्येक ऑडिट रिपोर्टवर आणि प्रमाणपत्रावर हा 18 अक्षरी क्रमांक लागतो आणि सीए इन्स्टिट्यूटच्या साइटवर तो कुणालाही तपासता येतो.

सप्टेंबरात तो म्हणाला, "पुण्याला साहेबांसमोर सुनावणी झाली. 1,38,500 कर भरला की फाइल बंद." हे वाक्य आजही रात्री आठवतं. 2020 पासून या तपासण्या फेसलेस आहेत. प्रश्न आयकर खात्याच्या पोर्टलवर येतात, उत्तरं पोर्टलवर द्यायची, अधिकारी कोण हे कळतसुद्धा नाही. म्हणजे पुण्यातले ते साहेब नव्हतेच! आणि कर कधीही कुणाच्या खात्यात भरत नाहीत. तो आपल्या पॅनवर, पोर्टलच्या ई-पे टॅक्समधून भरायचा. मी तो त्याच्या फर्मच्या खात्यात पाठवला. त्यानं चलनाची पीडीएफ पाठवली. तीही बनावट.

पोर्टलचा पासवर्ड मी त्याला दिला होता. पेठेतले निम्मे दुकानदार सल्लागाराला पासवर्ड देतात, मी काही वेगळं केलं नाही. त्यानं आत जाऊन मोबाइल आणि ईमेल स्वतःचा टाकला. पुढच्या सगळ्या नोटिसा त्याच्याकडं गेल्या आणि त्यानं एकालाही उत्तर दिलं नाही. मार्च 2025 मध्ये कलम 144 खाली एकतर्फी आदेश निघाला. सगळी रोकड 'अस्पष्टीकृत', म्हणजे कुठून आली हे न सांगितलेली, अशी धरली. कर 60 टक्के, त्यावर अधिभार आणि उपकर, म्हणजे 78 टक्के. मागणी 14,35,200 रुपये, व्याज वेगळं. मला हे कळलं कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी बँकेनं कागद मागितले तेव्हा. अपिलाची 30 दिवसांची मुदत तोवर उलटली होती.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "हा तुमचा आपसातला व्यवहार, दिवाणी कोर्टात जा." सायबर शाखा म्हणाली, माणूस समोर भेटलाय, हा सायबर गुन्हा नाही. इन्स्टिट्यूटचं उत्तर: तो आमचा सदस्यच नाही, आमची शिस्तभंगाची कारवाई सदस्यांवरच होते. अहो, सदस्य नसताना सीए म्हणवणं हा 1949 च्या सीए कायद्यातच गुन्हा आहे! आयकर खात्याच्या पोर्टलवर तक्रार टाकली, तर ती 'निराकरण झाले' म्हणून बंद केली. काय निराकरण झालं? माझे पैसे आले? मागणी रद्द झाली? ज्याच्या त्याच्या मते हे काम दुसऱ्याचं, आणि 14 लाखांची मागणी तेवढी माझ्या एकट्याच्या नावावर.

नोटीस आली की आधी तिचा डीआयएन, म्हणजे नोटिशीवरचा दस्तऐवज क्रमांक, पोर्टलवर तपासा, लॉगिन लागत नाही. सीएचा सदस्य क्रमांक मागा आणि इन्स्टिट्यूटच्या साइटवर शोधा. खरा सीए राग मानत नाही. महिन्यातून एकदा पोर्टलवर स्वतःचा मोबाइल नंबर बघा. आज बघा.

आता खऱ्या सीएनं विलंब माफीच्या अर्जासह अपील दाखल केलंय. वसुलीला स्थगिती मागायची तर साधारण 20 टक्के आधी भरायला सांगतात, म्हणजे 2,87,040. पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत म्हणून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज दिलाय, तिथंही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडं जाणार. सोलापूर जिल्ह्यात आणखी कुणाला 'पुण्याच्या साहेबांचं' नाव सांगून लुटलं असेल, तर गप्प बसू नका, तुमचाही अर्ज द्या.