टिंटवालं सनस्क्रीन, बिनफेसाचं क्लिन्झर आणि ग्लिसरीन : अठ्ठेचाळिशीतला अनुभव

आधी माझ्या चेहऱ्याची माहिती देते, म्हणजे माझं ऐकायचं की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येईल. वय अठ्ठेचाळीस, रंग गव्हाळ, राहायला नागपूर, रोज स्कूटीवर ऑफिस. पाळी कधी दोन महिने गायब, तर कधी पंधरा दिवसांत दारात हजर. गालांवर वांग, नाकाच्या कडेला पोपडे, हनुवटीवर एक जाड केस आणि त्याच्याच शेजारी मुरूम. रात्री अंगातून वाफा येतात त्या वेगळ्याच. लेकीने पुण्याहून पाठवलेल्या सीरमांचा फोटो त्वचेच्या डॉक्टरांना दाखवला, तर त्या म्हणाल्या, "हे सगळं तूर्त ठेवून द्या. सौम्य धुवा, ओलावा टिकवा, उन्हापासून जपा. बाकीचं नंतर बघू." त्यानंतरचा हिवाळा आणि अख्खा मे महिना या तीन गोष्टींवरच काढला.

क्लिन्झरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. औषधाच्या दुकानात मिळणारं, फेस न येणारं, वास नसलेलं कोणतंही चालतं. मला दोन-तीन सारखीच वाटली. पहिले काही दिवस तोंड धुतल्यासारखंच वाटत नाही. पण धुतल्यावर गाल ओढल्यासारखे होत नाहीत, चरचरत नाहीत, आणि तेच तर हवंय. या वयात इस्ट्रोजेन (बायकांच्या शरीरातलं संप्रेरक) उतरायला लागलं की त्वचेचं स्वतःचं तेल कमी होतं, ती पातळ होते, पाणी धरून ठेवत नाही. त्यात भरपूर फेसाचं फेसवॉश म्हणजे उरलंसुरलं तेलही धुऊन काढणं.

ग्लिसरीन साधं, केमिस्टकडचं. नुसतं लावलं तर चिकट होतं आणि आमच्या कोरड्या हवेत उलटं त्वचेतलंच पाणी ओढतं, म्हणून ओल्या चेहऱ्यावर, पाण्यात पातळ करून लावायचं. वर पेट्रोलियम जेलीचा अगदी पुसट हात. वॅसलीनचं पेटंट 1872चं, पण पाणी उडू न देण्यात तिच्या तोडीचं महागड्या डब्यांतही मला काही सापडलं नाही. फक्त उन्हाळ्यात संपूर्ण चेहऱ्यावर नको. घाम, धूळ आणि कूलरची दमट हवा, सगळं वर बसतं. मे महिन्यात ओठ, टाचा आणि कोपरांपुरतीच ठेवली.

पैसे खर्च केले ते सनस्क्रीनवर, आणि तिथे ते करावेतच. ट्यूबवर लिहिलेल्या एसपीएफ 30 आणि 50 या संरक्षणाच्या आकड्यांत दुकानदार सांगतो तेवढं अंतर नाही. पहिलं साधारण 97 टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे किरण) अडवतं, दुसरं 98. खरा फरक किती लावता याने पडतो. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, त्यामुळे छोटी ट्यूब बघता बघता संपते. ट्यूबवर 'पीए'पुढे असलेली प्लसची चिन्हं मात्र मोजून घ्या, ती यूव्हीए, म्हणजे त्वचेत खोल जाणाऱ्या किरणांसाठी असतात. आणि वांग असेल तर टिंटवालंच, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं घ्या. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर वांग नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतं, आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं. टिंटमध्ये तेच असतं.

आता तक्रारी. छटा एकच, तीही माझ्यापेक्षा दोन पायऱ्या गोरी. पंधरा मिनिटांनी बसते, तोवर आरशात बघू नये. पांढऱ्या स्कार्फवर तपकिरी डाग पडतात आणि ते निघायला साबण घासावा लागतो. सिग्नलला उभं असताना वाफ आली की घामासोबत डोळ्यांत उतरून झोंबतं, म्हणून पापण्यांच्या अगदी जवळ मी लावत नाही, तिथे गॉगल. तरीही गालांवरचं वांग फिकं झालंय. गेलेलं नाही, फिकं झालंय. पोपडे गेले. मुरूम येतातच, जाड केसाला थ्रेडिंगवाली आहे.

या हिशोबात एक गोष्ट मुद्दाम नाही. वांगावर शेजारणी जी "गोरी करणारी ट्यूब" सांगतात ती. तिच्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. आठ दिवसांत चेहरा उजळतो आणि पुढे लाल, पातळ, केसाळ होतो. सरकारने 2018मध्ये अशी बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. आमच्याकडच्या एका दुकानात ती मागितल्यावर काउंटरवर लगेच ठेवली गेली. ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचा. नावाच्या शेवटी "सोन" दिसलं तर आधी डॉक्टरांना विचारा.

रेटिनॉइडचं, म्हणजे अ-जीवनसत्त्वाच्या जातीच्या क्रीमचं, डॉक्टर म्हणाल्या, थंडी सरली की बघू. आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढं, रात्री. त्याआधी त्यांनी गर्भनिरोधनाचं विचारलं तेव्हा मला हसूच आलं. पण सलग बारा महिने पाळी आली नाही की मगच ती गेली असं धरतात. तोवर दिवस राहू शकतात, आणि गरोदरपणात रेटिनॉइड चालत नाही. तुम्हीही सुरू करणार असाल तर हे आधी बोलून घ्या. माझं फेब्रुवारीत सुरू होईल, कसं वाटतंय ते इथेच लिहीन.