मोंबासा बंदर, भाड्याची गाडी आणि वसईचं जहाज

केनियातल्या मोंबासाला क्रूझचं जहाज एक दिवस थांबतं. सकाळी लागतं, संध्याकाळी सुटतं. तेवढ्यात त्सावोच्या अभयारण्यात जाऊन सिंह-हत्ती बघून यायचा बेत असेल तर पैसे भरण्याआधी हे वाचा. आम्ही जहाजाची सहल न घेता स्वतः गाडी ठरवून फिरलो. त्या गाडीचा, चालकाचा आणि एकूण दिवसाचा हा रिव्ह्यू. माझं मत सुरुवातीलाच सांगतो : मोंबासा बेटाबाहेर जाऊ नका. गेलातच तर उत्तरेला बांबुरीपर्यंत, त्यापुढे नाही.

त्सावो ईस्टचं सगळ्यात जवळचं फाटक बंदरापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. ऐकायला जवळ वाटतं. पण तो नैरोबीचा हमरस्ता, आणि मोंबासा म्हणजे युगांडा-रवांडापर्यंतच्या मालाचं बंदर. कंटेनरच्या ट्रेलरमागे एकदा अडकलात की घाटात एसटीमागे अडकल्यासारखंच, फक्त इथे घाट नाही म्हणून कारणही दिसत नाही. जहाजातून उतरून, कागद दाखवून, गाडीत बसेपर्यंत नऊ वाजतात. फाटकाशी पोहोचता पोहोचता बारा. भर दुपारी जनावरं झाडाखाली पडलेली असतात, आणि तुम्ही टपावर डोकं काढून लाल मातीत बघत राहता. दोनला परत फिरलंच पाहिजे. आमच्या टेबलावरच्या एका कुटुंबाने हेच केलं. संध्याकाळी जहाजावर परतल्यावर हत्ती दिसले म्हणाले, पण सांगताना पाठ चोळत होते.

जहाजाच्या एक्सकर्शन डेस्कच्या, म्हणजे सहली विकणाऱ्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. त्यांची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. तुमची गाडी उशिरा आली तर थांबत नाही. त्सावोला जायचंच असेल तर जहाजाच्या सहलीनेच जा, तिथे जास्त पैसे देण्याला अर्थ आहे. पण किल्ला, जुनं शहर आणि बाजार यांसाठी तीच बस घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आमच्या जहाजावर त्या अर्ध्या दिवसाच्या सहलीला माणशी जे घेत होते, त्यात आम्हा चौघांची दिवसभराची गाडी चालकासकट झाली. चौघं म्हणजे आम्ही दोघं आणि जहाजावर ओळख झालेलं इंदूरचं मराठी जोडपं.

गाडी नैरोबीत नोकरीला असलेल्या भाच्याच्या ओळखीतून मिळाली. चालकाचं नाव-नंबर इथे देत नाही, त्याला विचारलेलं नाही. पण ठरवताना काय काय बोलून घेतलं ते सांगतो, कारण खरी मेहनत तीच आहे. भाडं माणशी नाही, गाडीचं. पेट्रोल, पार्किंग, थांबण्याचा वेळ त्यातच. प्रवेशशुल्क आपलं आपण. पैसे दिवस संपल्यावर. जहाजाची ‘ऑल अबोर्ड’ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची वेळ त्याला आधीच कळवली आणि तिच्या दोन तास आधी बंदरात परत, हे लिहून घेतलं. आणि घड्याळाचं पक्कं करा. तिकडे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. पर्यटकांशी बोलताना बहुतेक चालक आपल्या पद्धतीने सांगतात, तरी मी मेसेजमध्ये ‘08:30, सकाळ, नाश्त्यानंतर’ असं लिहिलं. त्याने हसण्याची खूण पाठवली. हसू दे. शिवाय जहाजाचं घड्याळ आणि गावातलं घड्याळ एकच आहे ना, हे उतरताना गँगवेवरच्या (उतरायच्या जिन्यावरच्या) माणसाला विचारा. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, आणि मोबाईल कुठलं नेटवर्क पकडून काय वेळ दाखवेल याचा भरवसा नाही.

जहाज लागतं ते किलिंदिनी हे मालाचं बंदर आहे, त्यामुळे आवारात मोकळं चालत सुटता येत नाही. चालक टर्मिनलपाशी नावाची पाटी घेऊन उभा होता. गाडी सात आसनी, जुनी, पण स्वच्छ. एसी चालू. पट्टे सगळ्या सीटना, हे मी मुद्दाम बघतो. मला तो ‘म्झे’ म्हणायचा, बायकोला ‘मामा’. तिकडे वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात. बायकोला पहिल्यांदा ऐकून हसू फुटलं, नंतर ती आपणहून ओ द्यायला लागली.

मोई अव्हेन्यूवरच्या हत्तीच्या सुळ्यांच्या आकाराच्या कमानी वाटेतच लागतात. हस्तिदंत नव्हे, अ‍ॅल्युमिनियम. 1950 च्या दशकात ब्रिटिश राजघराण्यातल्या मंडळींच्या स्वागताला उभारल्या. दोन मिनिटांचा फोटो, पुढे चला.

आता फोर्ट जीझस. मी वसईचा, गोदीत फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. किल्ला म्हटलं की आम्हाला फारसं कौतुक नसतं, लहानपणी सुट्टीत रोज तिथेच असायचो. पण मोंबासाला उतरायचं माझं कारणच हा किल्ला होता. 1593 मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतला. आराखडा कैराती या मिलानच्या माणसाचा. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या मुलखातली तटबंदीची कामं तो बघायचा आणि 1596 मध्ये गोव्यातच वारला. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या. हात लावला की शिंपले-पोवळ्यांचे ठसे बोटांना लागतात. आपल्याकडच्या काळ्या दगडाची सवय असलेल्याला ते विचित्रच वाटतं. बुरूज मात्र पाहिल्याबरोबर ओळखीचे. तोच तिरका कोन, एका बुरुजावरून दुसऱ्याच्या पायथ्यावर मारा करता येईल असा.

किल्ल्यातल्या संग्रहालयात मी गेलो ते एका जहाजासाठी. सांतो आंतोनियो द ताना. त्यातलं ताना म्हणजे आपलं ठाणे. 1680 च्या सुमारास वसईत बांधलेलं, सागवानी, बेचाळीस तोफांचं. ओमानच्या अरबांनी 1696 मध्ये या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा गोव्याहून कुमक घेऊन हे जहाज आलं आणि 1697 च्या ऑक्टोबरात किल्ल्यासमोरच बुडालं. पुढच्याच वर्षी किल्लाही पडला. 1977 ते 1980 या काळात पाणबुड्यांनी खाली उतरून त्याचं उत्खनन केलं. सांगाडा मोजून, नोंदी करून पुन्हा वाळूखाली झाकून ठेवला, कारण एवढं भिजलेलं लाकूड वर काढून टिकवणं म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. वर आलेल्या वस्तू संग्रहालयात आहेत : चिनी मातीची भांडी, मोठाले रांजण, तोफा.

मी त्या काचांसमोर चांगला अर्धा तास होतो. सागाची फळी वाकवून सांगाड्यावर बसवणं काय असतं, हे मला कुणी सांगायला नको. ते काम माझ्या गावच्या खाडीकाठी कुणीतरी केलं, आणि त्याचं नाव कुठेच नाही. पोर्तुगीज कप्तानांची नावं आहेत, अरब सेनापतींची आहेत, सुताराचं नाही. इंदूरचे गृहस्थ म्हणाले, ‘साहेब, कारागिराचं नाव आपल्याकडे तरी कुठे लिहितात?’ मी गप्प बसलो.

गाईड घ्यायचा का? फाटकाशी गाईड विचारत येतात. आमच्या चालकाने ओळखीचा एक आणून दिला. वेढ्याची गोष्ट त्याने झकास सांगितली, आत माणसं कशी रोगाने आणि उपासमारीने गेली वगैरे. पण तो घाईत होता, आणि पोर्तुगीजांनी गिलाव्यावर काढलेल्या जहाजांच्या रेखाटनांपाशी थांबलाच नाही. ती आपणहून विचारून बघा. कंटाळलेल्या पहारेकऱ्याने भिंतीवर गलबत काढलंय, शिडं-दोर सगळं बरोबर. ज्याला इतिहास नको, त्यालाही ते बघताना मजा येईल. ब्रिटिशांनी याच किल्ल्याचा 1895 पासून 1958 पर्यंत तुरुंग केला होता. प्रवेशाचे पैसे भरायला कार्ड जवळ असू द्या, रोखीच्या भरवशावर जाऊ नका. सावली कमी आहे. टोपी आणि पाणी घ्या.

किल्ल्यातून बाहेर पडलं की जुनं शहर लागूनच आहे. इथे गाडी सोडा आणि चाला. लाकडी कोरीव सज्जे, पितळी खिळ्यांचे दरवाजे, मधूनच एखादी मशीद. गल्ल्या अरुंद आणि वस्ती मुसलमानांची, तेव्हा खांदे-गुडघे झाकलेले बरे. बायांनी ओढणी ठेवावी. शुक्रवारी जहाज लागत असेल तर दुपारच्या नमाजाला दुकानं बंद होतात, त्यामुळे हा भाग सकाळीच उरका. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत. बंदराचे आणि लिकोनीच्या फेरीबोटीचे तर काढूच नका, पोलीस अडवतात.

मॅकिनन मार्केटात मसाले आहेत. लवंग, वेलची चांगली मिळाली. केशर म्हणून जे दाखवतात ते घेऊ नका. लाल रंगात घोळवलेल्या गोरखचिंचेच्या बिया, त्यांना माबुयू म्हणतात, त्या मात्र घ्या. तोंड रंगतं, पण आंबटगोड छान लागतात. बियाशारा स्ट्रीटवर कांगा म्हणजे छापील सुती कापडाच्या जोड्या मिळतात. बायकोने दोन घेतल्या, इंदूरच्या वहिनींनी मोजल्याच नाहीत. कॅरीबॅगची अपेक्षा ठेवू नका. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. घरून कापडी पिशवी न्या, आणि जहाजावरून उतरताना बॅगेत प्लास्टिकची पिशवी असेल तर तिथेच ठेवा.

जेवण हा दिवसातला सगळ्यात सोपा भाग. बायको शाकाहारी आणि क्रूझवरच्या सॅलडला वैतागलेली. गुजराती मंडळी मोंबासात पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यामुळे शाकाहारी जेवणाचा प्रश्न नाही. पण आम्ही चालकाला म्हटलं, तू जिथे खातोस तिथे ने. जुन्या शहराच्या कडेला, पाटीसुद्धा नीट दिसत नाही असं ठिकाण. नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे, त्याला म्बाझी म्हणतात, आणि बरोबर वेलचीचा वास असलेले तळलेले तिकोनी माहाम्री. तूर आणि नारळ दोन्ही आपल्या घरचे, पण हे असं एकत्र आम्ही कधी केलं नव्हतं. बायकोने मालकिणीकडून खुणांनीच कृती विचारून घेतली. बटाट्याला बेसन लावून तळलेले वियाझी काराईसुद्धा घेतले, चिंचेच्या चटणीबरोबर. मी बिर्याणी खाल्ली. बरी होती, पण म्बाझीपुढे आठवणीत राहिली नाही. चौघांचं बिल बघून इंदूरचे गृहस्थ दुसऱ्यांदा विचारून आले.

दुपारी हॅलर पार्क. बेटावरून न्यालीचा पूल ओलांडून उत्तरेला, बांबुरीत. सिमेंटसाठी चुनखडी खोदून संपलेल्या उजाड खाणीत रेने हॅलर यांनी 1971 मध्ये सुरूची झाडं लावायला सुरुवात केली. सुरूचा पाचोळा लवकर कुजेना, म्हणून गोम्यांसारखे मिलिपीड सोडले, आणि त्यांनी माती तयार केली. आज तिथे जंगल आहे, जिराफ आहेत, पाणघोडे आहेत. 2004 च्या त्सुनामीत अनाथ झालेलं पाणघोड्याचं पिल्लू आणि म्हातारं कासव यांची दोस्ती जगभर गाजली, ती इथलीच. आफ्रिकेचं जंगल बघितल्याचं समाधान यात नाही, हे खरं. पण नातवंडांना दाखवायला जिराफाचा फोटो हवा असेल तर यासाठी दिवस घालवावा लागत नाही.

शिंबा हिल्सचंही कुणीतरी सुचवेल. दक्षिणेला तीसेक किलोमीटर, सेबल हरणं, हत्ती, धबधबा. पूर्वी तिकडे जायचं तर लिकोनीची फेरी आणि तिथली गर्दी. आता डोंगो कुंडूचा नवा रस्ता झाल्याने फेरी टाळता येते. जहाज रात्री मुक्काम करणार असेल तर जरूर जा. एका दिवसात मी तरी जाणार नाही.

आता चालकाचं. वेळेला आला, सांगितल्यापेक्षा एक शिलिंग जास्त मागितला नाही, दोन तास आधी बंदरात सोडलं. सिंहाची शिकार न दाखवताही दिवस रंगवला. एक खटकलं : न विचारता एका लाकडी कोरीवकामाच्या दुकानात नेऊन उभं केलं. दुकानदार चहा देतो, दार अडवून उभा राहतो, किंमत आधी चौपट सांगतो. कमिशनची भानगड आहे हे उघड होतं. मी म्हटलं, ‘दहा मिनिटं, मग निघायचं,’ आणि तो निमूट निघाला. तुम्ही ठरवतानाच सांगा की दुकानं आम्ही निवडू. तेवढ्यासाठी पाचपैकी अर्धा गुण कापतो. टिप डॉलरमध्ये दिलीत तर नोट नवी, न फाटलेली हवी. जुन्या नोटा तिकडे कुणी घेत नाही.

आणि सहलीपेक्षा महत्त्वाचं एक. केनिया पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) देशांच्या यादीत आहे. भारतात परतताना लशीचं पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरून घरी जाण्याऐवजी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवू शकतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, एकदाच घेतली की पुरते. मुंबईत पोर्ट हेल्थच्या केंद्रात मिळते, आधी नाव नोंदवून जा. वयाची साठी उलटली असेल तर डॉक्टरांना विचारूनच टोचून घ्या. केनियाच्या ईटीएचा, म्हणजे प्रवासाआधी घ्यायच्या परवानगीचा अर्जही ऑनलाइन करावा लागतो. क्रूझवाल्यांनी तो तुमच्यासाठी भरलाय की तुम्हीच भरायचाय, हे बुकिंग करतानाच लेखी विचारा.

गुडघे दुखत असतील तर किल्ल्याच्या पायऱ्या आणि जुन्या शहराचे उंचसखल दगड जड जातील. अशांनी चालकाला सांगून ममा न्गिना वॉटरफ्रंटवर बसावं. समोर समुद्र, मागे गोरखचिंचेची थोराड झाडं, हातात शहाळं. बाकीच्यांना किल्ला बघून येऊ द्या.