‘आई टाइप करून राहिली…’ : गेममधला फोन आठ महिने वापरल्यावर

मार्चमधल्या एका रविवारी माझ्या भाचीनं मी बनवत असलेल्या गेमचा आदल्या रात्रीचा सेव्ह लोड केला आणि स्वयंपाकघरात येऊन विचारलं, “मावशी, आईचे मेसेज कुठी गेले?” तिच्या लॅपटॉपवर जाऊन पाहिलं. गेममधल्या फोनची चौकट जागेवर होती, वॉलपेपर होता, कोपऱ्यात बॅटरीचं चिन्हही होतं. संवाद मात्र एकही नव्हता. माझ्या कथेतली मुलगी पुण्यात नोकरी करते, नागपूरच्या महाल भागातला वाडा विकायला निघाला आहे, आणि तिचं नि आईचं सगळं बोलणं मेसेजवरच होतं. ते मेसेज गेले म्हणजे निम्मी कथा गेली.

तोवर मी एक विकतचा तयार फोन-संच (गेममध्ये फोनचा पडदा दाखवणारा कोड) वापरत होते. नोव्हेंबरमध्ये १२ डॉलर दिले, बँकेचा परकीय चलनाचा आकार धरून हजाराच्या वर गेले. सुरुवातीला मी ओळखीच्या दोघातिघांना तो घ्यायलाही सांगितलं होतं. ते मत आता बदललं आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते. रेनपाय म्हणजे व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे वाचत खेळायच्या चित्रकथा, बनवायचं साधन; त्याची वाचणाऱ्यांना तोंडओळख आहे असं धरून चालते.

संचाचं चांगलं आधी सांगते. तो रेनपायच्या एनव्हीएल पद्धतीवर बसवलेला होता. त्या पद्धतीत वाक्यं एकाखाली एक पानावर साचत जातात, त्यामुळे पानाला फोनचा आकार दिला की दहा मिनिटांत गप्पा सुरू होतात. मेसेज नेहमीच्या संवादासारखेच लिहायचे: पात्राचं नाव, पुढे अवतरणात ‘जेवलीस का?’. लिहिण्याची लय कुठेही तुटत नाही. कथेत फोनचे एकदोनच प्रसंग असतील तर ही पद्धत पुरेशी आहे, आणि तेवढ्यासाठी पैसे देऊन संच घ्यायचीही गरज नाही.

पण एनव्हीएल म्हणजे पान. नेहमीच्या टेम्प्लेटमध्ये ते सहा नोंदी दाखवतं, सातवी आली की पहिली जाते. आकडा वाढवता येतो, तरी प्रसंग संपल्यावर पान पुसावंच लागतं. मागच्या आठवड्यात आई काय म्हणाली होती ते पुन्हा उघडून बघता येत नाही. संचाच्या कर्त्यानं यावर उपाय म्हणून मेसेजची वेगळी यादी ठेवली होती, पण ती ‘डिफाइन’नं (न बदलणाऱ्या गोष्टींसाठीच्या घोषणेनं) जाहीर केली होती. भाचीचे मेसेज गेले ते इथेच. रेनपाय सेव्ह करताना खेळ सुरू झाल्यावर ज्या नावांना नवी किंमत दिली गेली तेवढीच नावं साठवतो. यादीत आतल्या आत भर पडत राहिली तरी यादीचं नाव बदललेलं नसतं, म्हणून ती सेव्हमध्ये जात नाही. गेम बंद करेपर्यंत सगळं ठीक दिसतं. हे रेनपायच्या दस्तऐवजात उदाहरणासकट दिलेलं आहे. पैसे घेऊन विकणाऱ्यानं ते वाचलेलं असायला हवं होतं.

मी १९ दिवसांत तीन मेल पाठवले. एकालाच उत्तर आलं: माझ्याकडे चालतं, तुमच्या भाषेमुळे अडत असेल. हे मला फार लागलं. सेव्हचा आणि भाषेचा काडीचाही संबंध नाही. परतावा मागितला, त्यावर काहीच उत्तर नाही. एप्रिलमध्ये तो संच काढून टाकला आणि स्वतः लिहायला बसले. नागपूरच्या मे महिन्यात वरच्या खोलीत रात्री नऊच्या आधी बसवत नाही, म्हणून रोज नऊ ते साडेअकरा असे सहा आठवडे लागले.

रचना साधी आहे. प्रत्येक मेसेज म्हणजे एक छोटी नोंद: कोणी पाठवला, मजकूर, कथेतला दिवस आणि वेळ, वाचला की नाही. प्रत्येक माणसामागे एक यादी आणि सगळ्या याद्या एका डिक्शनरीत (नावावरून गोष्ट काढता येणाऱ्या साठ्यात). ती डिक्शनरी ‘डिफॉल्ट’नं जाहीर केलेली; ही घोषणा खेळ सुरू होताना नावाला किंमत देते, म्हणून ते सेव्हमध्ये जातं. पडद्याचं काम फक्त यादी वाचून बुडबुडे काढण्याचं, पडदा स्वतः काहीही लक्षात ठेवत नाही. एवढी वाटणी केली की सेव्ह, लोड आणि रोलबॅक (कथेत मागे जाणं) तिन्ही फुकट मिळतात, कारण रेनपायच्या स्क्रिप्टमध्ये तयार झालेल्या याद्या आणि डिक्शनऱ्या मागे नेता येण्याजोग्याच असतात.

यात माझे चार दिवस गेले ते मुद्दाम सांगते. नोंदींचा क्लास (साचा) मी नीटनेटकेपणासाठी वेगळ्या पायथन फाइलमध्ये ठेवला आणि तिथून आयात केला. तिथल्या याद्या साध्या पायथनच्या, त्यांना रोलबॅक कळत नाही. एक पाऊल मागे जाऊन पुढे आलं की ‘जेवलीस का?’ दोनदा. क्लास उचलून स्क्रिप्टमधल्या इनिट पायथन ब्लॉकमध्ये टाकला आणि दुरुस्त झालं.

माउसच्या चाकाचा घोळ वेगळाच. जुने मेसेज वाचायला चाक वर फिरवतो, आणि रेनपायमध्ये चाक वर म्हणजे रोलबॅक. बाण फोनच्या चित्रावर असेल तर व्ह्यूपोर्ट (सरकणारी चौकट) चाक स्वतः पकडतो. बोटभर बाहेर असेल तर कथाच मागे जाते. पडदा मोडल केला, म्हणजे खालच्या गोष्टींना हात लागू दिला नाही, तरी फरक पडत नाही, कारण मोडल पडदा ठरलेल्या की-मॅपला (कळांच्या जोडणीला) अडवत नाही. शेवटी फोनच्या पडद्यावरच रोलबॅकची कळ पकडून ती यादी वर सरकवायला जोडली. नवा मेसेज आल्यावर यादी आपोआप तळाशी जात नाही, तीही ढकलावी लागते.

देवनागरीचं थोडक्यात. ८.२ आवृत्तीपासून रेनपाय हार्फबझ (अक्षरं जुळवणारं साधन) वापरतो, त्यामुळे जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसतात. त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘प्रिया’तला रकार सुटा पडायचा आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जायची. मूळचा देजाव्हू फाँट मराठीला चालत नाही, नुसते चौकोन दिसतात. मी मुक्ता घेतला, मोफत आहे आणि बारीक आकारातही वाचता येतो. बुडबुड्याला वरखाली थोडी जास्त जागा द्या, नाहीतर वरचे रफार आणि खालचे उकार कापले जातात.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला ते: समोरचा माणूस लिहीत असताना दिसणारी ओळ. सुरुवातीला ‘टाइप करत आहे’ असं ठेवलं होतं. व्याकरणानं ते बाई-पुरुष दोघांनाही चालतं, म्हणून सोयीचं. पण माझ्या कथेतल्या घरात असं कोणी बोलत नाही. आमच्याकडे आई ‘करून राहिली’, दादा ‘करून राहिला’, काका ‘करून राहिले’ आणि शेजारच्या काकू ‘करून राहिल्या’. हे नुसत्या लिंगावरून ठरवता येत नाही, मान मध्ये येतो. म्हणून प्रत्येक माणसाच्या नोंदीत त्याची आख्खी ओळ लिहून ठेवली. काम दहा मिनिटांचं, पण त्या दिवशी पडद्यावर ‘आई टाइप करून राहिली…’ दिसलं आणि मी बराच वेळ तेच बघत बसले. फोन पहिल्यांदा आमच्या घरचा वाटला.

मग वेळेचा प्रश्न. ती ओळ किती वेळ दिसावी? मी सूत्र केलं: अक्षरामागे ०.०५ सेकंद. मराठी मेसेज विनाकारण रेंगाळायला लागले. पायथनची ‘लेन’ अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे सुटे तुकडे मोजते. ‘स्त्री’ हे आपल्यासाठी एकच अक्षर, तिच्या हिशेबानं सहा. दादाच्या इंग्रजी मेसेजपेक्षा आईचा तेवढाच मराठी मेसेज उशिरा येई. मी सूत्रात दुरुस्ती केली, जोडाक्षर एकच धरलं, आणि जूनमध्ये समाधानानं तो विषय मिटवला.

ऑगस्टमध्ये मत पुन्हा बदललं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा प्रसंग लिहीत होते. मारबतीच्या मिरवणुकीचा दिवस, गल्लीत ‘घेऊन जा गे मारबत’चा गलका, आणि पुण्यातली मुलगी आईला विचारते, ‘वाड्याचं काय ठरलं?’ सूत्रानं आईचं उत्तर अर्ध्या सेकंदात आलं: ‘ठीक आहे.’ दोन छोटे शब्द, म्हणून चटकन. भाचीनं ते वाचलं आणि म्हणाली, “मावशी, आई असं लगेच नाही म्हणणार न. ती लिहीन, खोडीन, पुन्हा लिहीन.” तिचं बरोबर होतं. छोट्या उत्तराला मोठा वेळ लागतो, आणि तो वेळ म्हणजेच मेसेज. सूत्र काढून टाकलं. आता प्रत्येक महत्त्वाच्या मेसेजपुढे मी विराम हातानं लिहिते: आई चार सेकंद टाइप करून राहिली, ओळ गेली, दोन सेकंद शांत, पुन्हा तीन सेकंद, मग ‘ठीक आहे.’ बिनमहत्त्वाच्या मेसेजना सरसकट पाऊण सेकंद.

विराम क्लिकनं तुटू द्या. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला तीच वाट बघायला लावणं म्हणजे त्याचा वेळ लुटणं. रेनपायमध्ये न तुटणारा विराम देता येतो, तो मी कुठेही वापरलेला नाही.

सप्टेंबरमध्ये शेजारच्या काकू कथेत नव्यानं आल्या आणि जुने सगळे सेव्ह कोसळायला लागले. ‘डिफॉल्ट’ फक्त नाव नसेल तेव्हा काम करतो. जुन्या सेव्हमध्ये डिक्शनरी होतीच, तिच्यात काकू नव्हत्या. ‘आफ्टर लोड’ लेबलमध्ये (सेव्ह लोड झाल्यावर चालणाऱ्या भागात) एक छोटा लूप टाकला, तो नव्या माणसांच्या रिकाम्या याद्या जोडतो. हे पहिल्या दिवशीच करून ठेवा. सेव्ह बाहेर गेल्यावर कळलं तर खेळणाऱ्यांचे तास बुडतात, आणि माझ्याकडे तपासायला घरचीच माणसं आहेत.

एक उणीव अजून आहे. आईच्या गप्पा तीनशे मेसेजवर गेल्या की जुन्या लॅपटॉपवर फोन उघडायला अडखळतो. व्हीपीग्रिड (रेनपायची सरकती जाळी) वेगवान आहे, पण त्यात सगळे घटक एकाच मापाचे लागतात आणि बुडबुडे कधीच एका मापाचे नसतात. सध्या शेवटचे ६० दाखवते, वर ‘आधीचे मेसेज’ असं बटण. चालतं, आवडत नाही.

ग्रुप गप्पा आता लिहायला घेतल्या आहेत. दोघं एकाच वेळी लिहीत असली की ओळ जुळवावी लागते: आई आणि काकू ‘करून राहिल्या’, पण आई आणि दादा ‘करून राहिले’. पाच माणसांच्या दहा जोड्या होतात. त्या दहाही ओळी मी हातानंच लिहून ठेवणार आहे.