मॅग्नेट चिकटला नाही

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतात, त्यांना बोअर मारायचे (आतलं गोल भोक मापात कापायचं), बोअर गेज घालून मोजायचे आणि पाठवून द्यायचे. बावीस वर्षं हेच चाललंय. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडं झाला तर माल परत येतो. हे आधीच सांगून टाकतो. फसलेला माणूस अडाणी असतो असा एक समज आहे आणि मीही तो बाळगून होतो.

गाडी वडिलांची. १९७१ ची फियाट ११०० डिलाइट, स्टिअरिंगला गिअर असलेली. प्लेटवर अजून 'एमवाय'ने सुरू होणारा नंबर, कारण तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं; कर्नाटक झालं ते १९७३ ला. वडील गेल्यावर ती खानापूरच्या घरी गोठ्याशेजारच्या पडवीत बारा वर्षं उभी राहिली. खानापूरचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना पत्र्याचं काय झालं असेल हे सांगायला नको.

गाडी पुन्हा चालती करायचं मनात आलं ते रविवारच्या टोळीमुळं. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सकाळी सात वाजता चारपाच जुन्या गाड्या लागतात. डॉक्टरांची पद्मिनी, निपाणीच्या काकांची डुक्कर फियाट (पुढची दारं उलटी उघडतात, पोरं बघत उभी राहतात), गोकाकच्या मास्तरांची अॅम्बेसेडर. काका तंबाखूच्या वखारीतले, मास्तर कन्नड शाळेतले, माझं तर काळं ऑइल नखातून निघत नाही. गाडी नसती तर आम्ही एकमेकांना नमस्कारही घातला नसता. आता डॉक्टरांच्या मुलीच्या लग्नात वाढपाला मास्तर उभे होते.

'तो' याच टोळीतला. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढं आहे. हद्दीपलीकडं महाराष्ट्रात त्याचं गॅरेज, पण दर रविवारी हजर, येताना कुंद्याचा पुडा. कुणाचा कार्बोरेटर साफ करून दे, कुणाचे पॉइंट सेट करून दे, पैसे घ्यायचा नाही. एकदा डॉक्टरांची गाडी वंटमुरीच्या घाटात रात्री दहाला बंद पडली, तर हा कंडेन्सर घेऊन पाऊण तासात तिथं पोचला. त्या रात्रीनंतर त्याच्याबद्दल वेडंवाकडं बोलायची कुणाची टाप नव्हती. तो कंडेन्सर फार तर शंभर रुपयांचा असेल. मला पुढं केवढ्याला पडला ते बघा.

माझी गाडी त्यानं आपणहून मागितली. "अण्णा, तुमच्या बाबांची गाडी हाय वो. धंदा म्हणून नाही करत मी ही." या वाक्यानंतर कोटेशन कुठल्या तोंडानं मागायचं? मी मागितलं नाही. कुणी तुम्हाला असं म्हणालं तर त्याच क्षणी कागद आणि पेन काढा, वाईट दिसलं तरी काढा.

पैसे एकदम कधीच मागितले नाहीत. आज पत्र्याला पंधरा हजार, परवा गॅसला अठराशे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाल्या, ते पेपरात आलंच होतं. पद्मिनी म्हणजे माझ्याच गाडीची पुढची पिढी, इंजिनचे भाग एकमेकींना चालतात. त्याचं त्यानं हत्यार केलं. "कुर्ल्यात माल संपत चाललाय, पिस्टनचा शेवटचा सेट हाय, संध्याकाळपर्यंत टाका, नाहीतर हैदराबादवाला उचलतोय." मी लेथ थांबवून पैसे पाठवायचो. आणखी एक गोष्ट, जी वकिलांनी सांगेपर्यंत माझ्या लक्षातच आली नव्हती: तो म्हणायचा, "रिमार्कमध्ये हातउसने लिहा, टॅक्सची भानगड नको." सतरा वेळा पैसे गेले, त्यातल्या पाच वेळा मी माझ्या हातानं 'हातउसने' लिहिलंय. म्हणजे कामाचे पैसे कागदावर दोस्ताला दिलेलं कर्ज झाले.

एकूण दोन लाख पस्तीस हजार. पत्रा आणि रंग एक लाख चाळीस, इंजिन अठ्ठेचाळीस, सुटे भाग सत्तावीस आणि वीस हजार 'व्हीए नंबर'चे. या शेवटच्या आकड्यावर थोडं थांबतो, कारण इथं अजून बरेच जण फसतील. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवायचा नियम २०२१ साली आला. नव्यानं नोंदणी करायची तर फी वीस हजार आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, हे खरं आहे. पण जी गाडी आधीच नोंदलेली आहे तिला तिचा जुना नंबर ठेवता येतो. माझा 'एमवाय' मला सोडायचाच नव्हता, आणि मी तो सोडण्यासाठी पैसे दिले! अर्ज परिवहनच्या पोर्टलवर होतो, त्याला गॅरेजवाला लागत नाही. शिवाय गाडी अजून वडिलांच्याच नावावर. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ भरावा लागतो. त्यानं त्या फॉर्मचं नावही काढलं नव्हतं. तिथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती.

गाडी आली खंडेनवमीला. मुद्दाम तो दिवस धरला असणार. शॉपमध्ये मशीन धुऊनपुसून ठेवलेली, चौरंगावर मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल स्टँड मांडलेले, त्यांना हळदकुंकू. फाटकातून ती आत शिरली, मलईसारखा रंग, उन्हात चमकणारी. आईला खुर्ची टाकून बसवलं होतं. ती उठली, बॉनेटवर हात फिरवला आणि काही न बोलता परत बसली. तो बाजूला हात जोडून उभा. मी त्याला शालही घातली. फोटो आहेत, कुणाला दाखवत नाही.

तो जेवून गेला. दुपारी शॉपमधल्या पोरानं झेंडूची माळ गाडीला बाजूनं लावायची म्हणून चौरंगावरच्या डायल स्टँडचा मॅग्नेट बेस (नॉब फिरवला की लोखंडाला चिकटणारा) उचलला, खाली फडकं धरून दाराखालच्या पट्टीला टेकवला आणि नॉब फिरवला. बेस धपकन खाली पडला. त्यानं परत लावला. परत पडला. "मालक, हे चिकटंना गा." मी म्हटलं नॉब नीट फिरव. मग मी स्वतः लावला. बॉनेटला घट्ट. टपाला घट्ट. दाराच्या वरच्या भागाला घट्ट. खाली सरकवत आणला की सुटायचा, जणू तिथं लोखंडच नव्हतं.

नव्हतंच. नुसती लांबी होती, रंगाआधी खड्डे बुजवायला भरतात ती पुट्टी.

प्रसादाला डॉक्टर आले होते. त्यांनी फोनवरचे कामाचे फोटो परत काढले. नव्या फ्लोअरचा एक फोटो होता, वेल्डिंगचे सुरेख टाके, मी तो गावभर दाखवला होता. डॉक्टरांनी बोटांनी मोठा केला. "काय हो, तुमचा गिअर स्टिअरिंगला. मग ह्या फ्लोअरला मधोमध भोक कसलं? आणि भोवती रबरी बुटाचे चार स्क्रू?" दुसऱ्याच गाडीचा फोटो, जिच्या गिअरचा दांडा फ्लोअरमधून वर येतो अशा. मॅट उचललं तर खाली डांबराचं शीट चिकटवलेलं, त्याखाली बारा वर्षांचा गंज जसाच्या तसा. अंगठा दाबला तर आत गेला. निपाणीच्या काकांनी मागनं बघून सांगितलं की बंपरही आमचे नव्हेत. जुने जाड क्रोमचे गेले, हलके बसवलेत.

फोन केला तर आवाज तोच मधाळ. "अण्णा, माझ्यावर विश्वास नाही होय?" तासाभरात व्हॉट्सअॅपवरचे त्याचे शेवटच्या दोन दिवसांतले फोटो 'हा मेसेज डिलीट केला' असे दिसू लागले. डॉक्टरांच्या गॅलरीत ते आपोआप सेव्ह झाले होते म्हणून आज माझ्याकडं आहेत. कामाचे फोटो आले की त्याच दिवशी दुसऱ्या जागी उतरवून ठेवा.

दसरा झाल्यावर इंजिन उघडलं. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवून नवे पिस्टन टाकलेत, असं त्यानं सांगितलं होतं. या इंजिनचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर, म्हणजे ६८.५० यायला हवा. कुंकू अजून पुसलं नव्हतं त्या गेजनं मोजलं. वर ६८.१४, खाली ६८.०३. वर जास्त झिजलेला, खाली कमी, जसा पन्नास वर्षं चाललेला सिलिंडर असतो तसा. पिस्टन जुनेच, नुसत्या रिंगा बदललेल्या, आणि भिंतींना एमरी पेपर घासून नवे केल्यासारखे ओरखडे. त्याचं गॅरेज माझ्या शॉपपासून गाडीनं तासाच्या आत. कुठल्याही रविवारी गेज खिशात टाकून गेलो असतो तर पाच मिनिटांचं काम होतं. गेलो दोनदा. दोन्ही वेळा चहा प्यायलो आणि आलो.

त्या रात्री टोळीला तोंड दाखवायची लाज वाटली. बायको म्हणाली, लाज त्याला वाटू दे. रविवारी गेलो नाही, तर सगळे शॉपवरच आले. मास्तरांनी गांधीनगरातला एक म्हातारा टिंकर, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणारा, आणला. हा माणूस मराठी, कन्नड आणि दखनी एकाच वाक्यात बोलतो आणि एकही वाक्य गोड बोलत नाही. "किसने किया ये? आतला कागद बघा." लांबीच्या आत वर्तमानपत्र कोंबलेलं होतं, कोंबडीच्या जाळीवर थापून. एका तुकड्यावर सोन्याचा भाव वाचता येत होता. खरवडून काढलेली सगळी लांबी काट्यावर टाकली: साडेचार किलो. म्हाताऱ्याची अट एकच. "प्रायमर मारायच्या आधी या, पत्रा वाजवून बघा, मग पैसे." रोजावर काम, रोज संध्याकाळी हिशेब वहीत, वहीवर दोघांच्या सह्या. अठरा गेजच्या पत्र्याचा फ्लोअर बसवायला त्याला सात आठवडे लागले. तेवढे दिवस डॉक्टर दवाखाना उरकून रात्री गंज घासायला बसायचे. बोअर मात्र मी स्वतः मारला.

तक्रारीचं सांगतो. ठाण्यात गेलो तर हा दिवाणी मामला आहे, शिवाय गॅरेज त्यांच्या हद्दीत, तिकडं जा. तिकडं गेलो तर राहता कुठं, बेळगाव? मग तिकडं द्या. सीमाभागातल्या माणसाला हा चेंडूचा खेळ नवा नाही. वाट निघाली ती ग्राहक आयोगातून. २०१९ च्या कायद्याप्रमाणं तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, समोरचा कुठल्या राज्यात आहे ते आडवं येत नाही. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. बँकेचं स्टेटमेंट, चॅट, फोटो, लांबीचे तुकडे पिशवीत घालून दिलेत. ते पाच 'हातउसने' वकिलांना अजून छळतायत. पुढची तारीख पडलीय.

गेल्या आठवड्यात हुबळीच्या एका गृहस्थांचा फोन आला. नंबर काकांकडनं मिळाला म्हणाले. आजोबांची गाडी एका चांगल्या ओळखीच्या माणसाकडं कामाला दिलीय, तुम्ही जाणकार, जरा फोटो बघून सांगा. त्यांची गाडीही माझ्यासारखीच, स्टिअरिंगला गिअर असलेली. फोटो आला. नवा फ्लोअर, वेल्डिंगचे सुरेख टाके, मधोमध भोक आणि भोवती चार स्क्रू.