पाच हजार कुणाला द्यावेत?

नौपाड्यातल्या शेजारच्या काकांना ₹५,००० देणगी द्यायची आहे. मनीलाइफ फाउंडेशनला की मुंबई ग्राहक पंचायतीला?

पंचायत ही ग्राहकांची संघटना, १९७५ची. एकत्र खरेदीसाठी सभासदांचे संघ, महिन्याची यादी, कुणाच्या तरी घरी डाळ-तांदळाची वाटणी. तिथे पैशापेक्षा हात लागतात.

मनीलाइफ ही बचत-गुंतवणूक करणाऱ्यांसाठीची संस्था, २०१०ची, पत्रकार सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांनी काढलेली. बदलत्या व्याजदराच्या कर्जदारांवरचा अन्याय तिने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. अशा लढ्याला पैसाच लागतो.

देणगीवरची आयकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि त्यासाठी ₹२,०००च्या वर रोख चालत नाही, चेक द्या.

वेळ असेल तर पंचायत. पण व्याजदर उतरूनही मुलाचा हप्ता तसाच राहिल्याचं बँकेचं पत्र काकांनी मला दाखवलं, घड्या पडून चिरलेलं. त्यांनी मनीलाइफलाच द्यावेत.